गन हवा मारतेय

जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमधला कंप्रेसर गप्प असायला हवा. करवत थांबलेली, पोरं डबे उघडून बसलेली, कुणाच्याही हातात गन नाही. म्हणजे हवेला गिऱ्हाईकच नाही. तरीही दर पाच-सात मिनिटांनी कोपऱ्यातला कंप्रेसर खडखडत सुरू होतो, टाकी भरतो, बंद होतो आणि थोड्या वेळानं पुन्हा जागा होतो. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास सोफ्यांची, फर्निचरची, पॅकिंगच्या खोक्यांची जी लहानमोठी वर्कशॉपं आहेत, तिथं हा आवाज इतका अंगवळणी पडलाय की तो कुणाला ऐकूच येत नाही. विजेच्या मीटरला मात्र बरोबर ऐकू येतो.

‘गन हवा मारतेय,’ असं कारागीर म्हणतात, आणि म्हणून पुन्हा कामाला लागतात. हवाच ती, जाऊ दे. पेट्रोल गळलं असतं तर कुणी असं म्हटलं नसतं.

ही गन म्हणजे खिळे ठोकायची, हवेवर चालणारी नेलगन. सुताराच्या पिशवीत हातोडी अजून आहे, पण प्लायवूडला बीडिंग लावायचं असेल, कपाटाची पाठ ठोकायची असेल, तर दिवसभर काम करते ती ‘एफ-३०’. १८ गेजचे, १० ते ३० मिलिमीटर लांबीचे, जवळजवळ बिनडोक्याचे खिळे मारणारी छोटी गन. सोफ्यावर कापड ताणणाऱ्याकडे ‘८०१६’ किंवा ‘१०१३-जे’ असते. ती पिना मारते. सिमेंटच्या भिंतीत खिळा घुसवायला ‘एसटी-६४’. आणि चाकणच्या रस्त्याला लागलात की पॅलेट बनवणाऱ्यांकडे गुंडाळीतले खिळे खाणारी जाडजूड कॉइल गन. चाकणहून जे यंत्रांचे भाग परदेशी जातात, त्यांच्याखालचं लाकूड ‘आयएसपीएम-१५’ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवून, शिक्का मारून मगच बोटीवर चढतं. एका पॅलेटला पन्नास-साठ खिळे सहज लागतात. ते हातोडीनं मारत बसायला वेळ कुणाला आहे?

बाजारातल्या स्वस्त गन बहुतेक चीन-तैवानहून आलेल्या. खोक्यावरचं नाव वेगळं, रंग वेगळा, पण एफ-३० म्हटलं की आतला मामला बराचसा एकाच छापाचा. म्हणून दुकानात ‘अमुक कंपनीचं किट द्या’ असं कुणी म्हणत नाही; ‘एफ-तीसचं किट द्या’ म्हणतात. किट म्हणजे प्लास्टिकच्या पुडीत पाच-दहा रबरी रिंगा, एखादं गॅस्केट, कधी बंपर. गन हवा मारायला लागली की पुडी आणायची, गन खोलायची, दिसतील तेवढ्या सगळ्या रिंगा बदलायच्या, आणि तरी गळती राहिली तर दोन-अडीच हजारांची नवी गन घ्यायची, हा सर्वमान्य उपाय. मला तो उपाय वाटत नाही, जुगार वाटतो. ज्यांच्या दुकानात बसून मी हे काम पाहिलं, ते मामा तर त्याला उपाय म्हणायलाच तयार नाहीत.

मामांनी नाव छापू नका म्हणून बजावलं आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले. भोसरीत एका लहान कारखान्यात न्यूमॅटिक सिलिंडरच्या जोडणीवर बरीच वर्षं काढली, मग गल्लीत शटरचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक बाक, भिंतीला खिळ्यांवर मापाप्रमाणे लटकवलेल्या शेकडो रिंगा, बाकाखाली लहानसा कंप्रेसर. बाकावर एलन-कीचा जुडगा, व्हर्नियर, आणि स्टीलच्या वाटीत साबणाचं पाणी. त्यात दाढीचा जुना ब्रश. गिऱ्हाईक गन ठेवतं न ठेवतं तोच मामांचे दोन प्रश्न येतात: ‘हवा कुठनं येतीय? आणि कधी, नुसती जोडल्यावर का घोडा दाबल्यावर?’ निम्म्या लोकांना उत्तर देता येत नाही. ‘सगळीकडूनच येते हो मामा,’ असं म्हणतात. मामा हसत नाहीत. ‘सगळीकडनं कधी येत नसती.’

या दोन प्रश्नांत मामांचं बहुतेक निदान उरकतं. ते कसं, हे कळायला गनच्या पोटात थोडं शिरावं लागेल.

नळी जोडली की दाबाची हवा मुठीत येऊन थांबते. मूठ पोकळ असते. तीच गनची टाकी. वर डोक्यात एक सिलिंडर, त्यात पिस्टन, पिस्टनच्या खाली खिळा हाणणारी पोलादी पट्टी. सिलिंडरच्या तोंडावर एक झाकण बसलेलं असतं, त्याला हेड व्हॉल्व्ह म्हणतात. गंमत अशी की हे झाकण दाबून धरते तीही हवाच. मुठीतली हवा घोड्याच्या व्हॉल्व्हमधून फिरून झाकणाच्या डोक्यावरही जाऊन बसते. झाकणाला खालून आणि वरून दाब सारखाच, पण वरची बाजू क्षेत्रफळानं मोठी आणि सोबत एक स्प्रिंग, म्हणून झाकण खालीच राहतं. घोडा दाबला की झाकणाच्या वरची तेवढी हवा बाहेर सुटते. खालच्या हवेला मोकळीक मिळते, झाकण उचललं जातं, वर जाता जाता बाहेरची वाट बंद करतं आणि मुठीतली सगळी हवा पिस्टनवर तुटून पडते. पिस्टन ५० मिलिमीटर व्यासाचा धरा आणि दाब चौरस सेंटिमीटरला ७ किलो. क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरच्या वर, म्हणजे पिस्टनवर एकशे पस्तीस किलोहून जास्त भार, तोही क्षणात. खिळा लाकडात गेलेला असतो तेव्हा ठोकणाऱ्याच्या कानापर्यंत आवाज नुकता पोचलेला असतो.

पिस्टन परत कसा येतो, हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. स्प्रिंग लावून तो परत आणता आला असता, आणि काही छोट्या गनमध्ये तसं असतंही. पण बहुतेक गनमध्ये सिलिंडरच्या खालच्या अंगाला बारीक भोकं असतात. पिस्टन खाली येताना थोडी हवा त्या भोकांतून सिलिंडरभोवतीच्या एका कप्प्यात कोंडली जाते. घोडा सोडला, झाकण बसलं, वरची हवा ‘फस्’ करून डोक्यातून निघून गेली की ही कोंडलेली हवा पिस्टनला खालून ढकलून जागेवर नेऊन बसवते. ठोकण्याच्या खर्चातूनच परतीचं भाडं काढून ठेवलेलं.

आता मामांचे प्रश्न. सायकलची ट्यूब घमेल्यात बुडवली की जिथं बुडबुडा तिथं भोक. गनमध्ये असं नसतं. हवा बाहेर पडते एकीकडे, वाट फुटलेली असते दुसरीकडे. नळी जोडून गन नुसती ठेवली आणि डोक्यावरच्या एक्झॉस्टमधून सूं आवाज आला, तर दोष एक्झॉस्टचा नाही. झाकण सिलिंडरच्या तोंडावर नीट बसत नाही. हवा फटीतून पिस्टनच्या वर जाते आणि तिथून उघड्या वाटेनं बाहेर. तेव्हा हेड व्हॉल्व्हच्या रिंगा आणि त्याचं सील बघायचं. नुसती ठेवली असताना पुढच्या नाकातून हवा येत असेल तर सिलिंडरच्या बाहेरच्या कॉलरची रिंग गेली असण्याची शक्यता मोठी. मुठीतली हवा परतीच्या कप्प्यात शिरते, भोकांतून पिस्टनखाली येते आणि पट्टीच्या कडेनं नाकावाटे निघते. नुसती ठेवली तर शांत, पण घोडा दाबून धरल्यावर नाकातून सूं, तर बंपर, म्हणजे पिस्टन खाली येऊन जिच्यावर आपटतो ती गादी, झिजलेला किंवा पिस्टनची रिंग संपलेली. घोड्यापाशीच हवा लागत असेल तर घोड्याचा व्हॉल्व्ह: त्यात दोन-तीन इवल्या रिंगा आणि एक दांडी असते, आणि एखादा लाकडाचा कण तिथं अडकला तरी पुरतं. टोपीच्या सांध्यातून येत असेल तर गॅस्केट, नाहीतर ढिले स्क्रू. आणि पुष्कळदा दोष यांपैकी काहीच नसतो. नळीच्या कपलरमधली रिंग गेलेली असते आणि माणूस गन खोलून बसलेला असतो.

चाकणकडचा एक पॅलेटवाला कॉइल गन घेऊन आला तेव्हा मी दुकानात होतो. जुनी जपानी बनावटीची भारी गन. किट टाकून आठवडा झाला नव्हता आणि एक्झॉस्टमधून पुन्हा हवा. ‘किटच खराब निघालं मामा. मला चांगलं किट टाकून द्या.’

मामांनी आधी गनमधली खिळ्यांची गुंडाळी काढली. टोक खाली, लाकडाच्या ठोकळ्याकडे. मग नळी सावकाश जोडली. सूं. नळी काढली, घोडा दाबून उरलेली हवा सोडली आणि या वेळी नळी झटक्यात जोडली. आवाज नाही. ‘बघा. हळू दिली की गळती, झटक्यानं दिली की बसती.’ रिंग फाटली असती तर तिला हळू काय नि झटका काय. इथं झाकण खाली येतंय, पण जड येतंय. हवा हलकेच भरली तर ते अर्ध्यावरच रेंगाळतं आणि सगळी हवा त्याच्या बगलेतून निसटते. एकदम दाब आला की दणकन बसतं.

नळी पुन्हा सुटी झाली. हा नियम मामा मोडत नाहीत: गन खोलायची तर नळी जोडलेली नको, आत हवा नको, खिळा नको. टोपीचे चार स्क्रू कर्णरेषेत थोडे थोडे ढिले केले. एकच पूर्ण काढला तर टोपी तिरकी होऊन गॅस्केट फाटतं. टोपी उचलली, स्प्रिंग बाजूला ठेवली. झाकण बाहेर काढायला मामांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला नाही, पक्कड घेतली नाही. टूथब्रशची दांडी घासून केलेली प्लास्टिकची पट्टी घातली आणि अलगद उचललं. आतली भिंत ॲल्युमिनियमची. पोलादाचा एक ओरखडा पडला की नवी रिंगही त्या ओरखड्यावरून हवा सोडते, आणि मग दुनियेतलं कुठलंही किट कामाचं नाही. बऱ्याच गन कारागिराच्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरनं मेल्यात, असं मामांचं म्हणणं.

झाकणावरची रिंग नवीकोरी होती. मामांनी ती उतरवली, फडक्यानं पुसली आणि व्हर्नियरच्या जबड्यात धरली. रबर मोजायचं म्हणजे कसब. जबडा दाबला की रबर दबतं आणि माप खोटं येतं. मामा जबडा इतका हलका लावतात की रिंग त्यातून सरकली पाहिजे पण पडता कामा नये. ‘सव्वीस.’ म्हणजे २.६ मिलिमीटरच्या आसपास जाडी. मग खिळ्यावरून दुसरी रिंग काढून माझ्या हातात दिली. ‘ही चोवीस. सांगा फरक.’ मला नुसत्या डोळ्यांनी सांगता आला नाही, कुणालाही आला नसता.

गोष्ट अशी आहे. जपानी मानकाच्या मधल्या मापाच्या रिंगांची जाडी २.४ मिलिमीटर, अमेरिकी मानकात तिच्या जवळची २.६२, आणि मेट्रिक म्हणून मिळते ती २.५. तिन्ही काळ्या, तिन्ही गोल, आणि दुकानदार तिन्ही एकाच डब्यात ठेवतो. रिंग ज्या खाचेत बसते तिथं तिला थोडं चेपलं जावं लागतं. त्या चेपण्यावरच हवा अडते. खाच आणि समोरची भिंत यांच्यात २.१ मिलिमीटर जागा आहे असं धरा. २.४ची रिंग साडेबारा टक्के चेपली जाईल: हवा अडेल आणि भाग सरकतही राहील. २.६२ची रिंग वीस टक्के चेपली जाईल. हवा अडेल, पण झाकण अडखळेल. सरकणाऱ्या भागाला रिंग जितकी घट्ट तितकी चांगली, हा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. पॅलेटवाल्याचं किट खराब नव्हतं. दुसऱ्या देशाचं होतं.

या रिंगेचा अमेरिकी पेटंटधारक निल्स क्रिस्टेन्सन हा डेन्मार्कमध्ये जन्मलेला यंत्रकारागीर. १८९१ साली तो अमेरिकेत गेला. ट्रामगाड्यांच्या हवेच्या ब्रेकवर काम करणारा माणूस, म्हणजे गळणाऱ्या हवेशी त्याचं जुनं वैर. रबराची रिंग त्याच्याआधीही होती; स्वीडनमध्ये १८९६ सालचं एक पेटंट आहे. पण सरकणाऱ्या पिस्टनवर रिंग टिकवायची तर खाच रिंगेपेक्षा थोडी रुंद हवी, म्हणजे दाब आला की रिंग स्वतःच एका कडेला सरकून फट बुजवते, हे त्यानं प्रयोग करकरून बसवलं. १९३७ साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. पुढे महायुद्ध आलं, विमानांच्या हायड्रॉलिक्सला ही रिंग हवी होती. अमेरिकी सरकारनं पेटंट युद्धोपयोगी म्हणून ताब्यात घेतलं, इतर कारखान्यांना बनवायला मोकळीक दिली आणि क्रिस्टेन्सनला एकरकमी ७५,००० डॉलर दिले. कज्जा त्याच्या मरणानंतरही चालू राहिला. १९७१ साली, तो जाऊन १९ वर्षं झाल्यावर, वारसांना आणखी १,००,००० डॉलर मिळाले. मामांच्या भिंतीवर ज्या रिंगा लटकतात, त्यांतली लहान रिंग आज काही रुपयांना येते.

हवेची नेलगन त्या रिंगेच्या मानानं अलीकडची. १९५०च्या सुमारास अमेरिकेत ती बाजारात आली ती घरांच्या लाकडी जमिनी भराभर ठोकण्यासाठी. युद्धानंतर घरं हवी होती आणि तीही लगेच. मिनिटाला ४० ते ६० खिळे, तेही उभ्यानं, वाकावं न लागता.

पुन्हा बाकाकडे. मामांनी २.४ची रिंग बसवली: बोटावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, रिंग खाचेत घालताना पीळ पडू न देता, आणि बसल्यावर झाकणाभोवती बोट फिरवून. झाकण बसवलं, स्प्रिंग, टोपी, स्क्रू पुन्हा कर्णरेषेत. रेग्युलेटर आधी तीन-चार किलोवर ठेवून नळी हळूच जोडली. आवाज नाही. दाब वाढवला, ब्रशनं सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. ठोकळ्यावर दोन-चार खिळे मारले. रिकामी गन फटाफट उडवून बघायची सवय मामांना खपत नाही; खिळा नसला की पिस्टनचा सगळा मार बंपरवर जातो.

पॅलेटवाला पैसे काढायला लागला. मामा गन द्यायला तयार नाहीत. ‘आधी सांगा, टाकीतलं पाणी कधी काढलंत?’

इथून पुढे जे संभाषण झालं ते मला त्या दुकानातलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं, कारण त्यात गन जवळजवळ नव्हतीच. गनमधल्या रिंगा आपणहून फारशा मरत नाहीत. त्यांना कंप्रेसर मारतो, तेलाची बाटली मारते, जमिनीवरचा भुसा मारतो. मामा म्हणतात तसं, ‘दुखणं गनला, कारण शेडमध्ये.’

पाण्याचं घ्या. तीस अंशाला संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. पावसाळ्यातल्या दिवशी, ऐंशी टक्के आर्द्रता धरून, तिच्यात चोवीसएक ग्रॅम असते. कंप्रेसर अशा आठ घनमीटर हवेचा दाबून एक घनमीटर करतो. सात किलोचा दाब म्हणजे ढोबळमानानं तेवढंच. आठ घनमीटरमध्ये मिळून जवळपास १९० ग्रॅम पाणी, आणि टाकी गार झाल्यावर त्या एका घनमीटरमध्ये मावणार तीसच. उरलेले दीडशे-एकशे साठ ग्रॅम पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसतात. हे कुणी ओतत नाही, गळत नाही, हवेतूनच येतं. तळाचा कॉक रोज उघडला नाही तर हे पाणी नळीतून गनमध्ये जातं, तेल धुऊन टाकतं, स्प्रिंगला गंज चढवतं, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणतं. त्या भुकटीवरून रिंग घासली जाते. कोकणातल्या वर्कशॉपमध्ये जुलैत काय होत असेल याची कल्पना करा. शिवाय काही बंपर ज्या जातीच्या पॉलियुरेथेनचे असतात ते दमट हवेत नुसतं ठेवूनही कालांतरानं ठिसूळ होतात. न वापरलेली गन दोन-तीन पावसाळ्यांनी काढली तर बंपर बोटानं चुरतो.

पॅलेटवाला म्हणाला, कॉक जाम झालाय, मागच्या दिवाळीपासून उघडलेला नाही.

मग तेल. गनच्या तोंडात सकाळी दोन-तीन थेंब पातळ तेल घालावं, न्यूमॅटिक टूलसाठीचं मिळतं ते. बरेच कारागीर शिलाई मशीनचं वापरतात आणि ते निभून जातं, कारण तेही पातळ खनिज तेलच असतं. (काही गन बिनतेलाच्या असतात, त्यांवर तसं लिहिलेलं असतं, त्यांत थेंबही घालायचा नाही.) पण शेडमध्ये हाताशी असतं ते इंजिन ऑइल, नाहीतर मिस्त्रीच्या मोटारसायकलचं ब्रेक ऑइल, नाहीतर पॉलिशवाल्याचा थिनर. इंजिन ऑइल जाड. छोट्या व्हॉल्व्हमध्ये ते भुशाबरोबर कालवलं जाऊन चिकटा होतो. ब्रेक ऑइल आणि थिनर तर विषच. गनमधल्या रिंगा बहुधा नायट्राइल रबराच्या. खनिज तेल त्यांना सोसतं, पण हे दोन्ही सोसत नाहीत, रिंग फुगते, मऊ होते, खाचेतून बाहेर डोकावते आणि कापली जाते. मामांनी एका बरणीत अशा फुगलेल्या रिंगा ठेवल्यात, गिऱ्हाइकांना दाखवायला. तीच रिंग मूळ मापाच्या रिंगेशेजारी धरली की जास्त बोलावं लागत नाही.

आणि दाब. गन गळायला लागली की खिळा पूर्ण बसत नाही, डोकं वर राहतं. कारागीर काय करतो? रेग्युलेटर फिरवतो. सातचे आठ, आठचे नऊ. एफ-३०सारख्या छोट्या गनला चार ते सात बार पुष्कळ होतात. मोठ्या गनवरही ८.३ बार किंवा १२० पीएसआय ही कमाल मर्यादा बहुधा अंगावरच छापलेली असते. दाब वाढवला की खिळा बसतो, गळती वाढते, बंपर लवकर फाटतो, मग आणखी दाब. दोनच महिन्यांत गन भंगारात आणि शिव्या चीनला.

याचा पैशातला हिशेब फारसं कुणी करत नाही म्हणून करतो. सात बारला एक मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला साधारण ७० लिटर हवा जाते, आणि ती हवा दाबायला सुमारे ०.४ किलोवॉट वीज लागते. दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे बाराशे युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर बारा हजार. दोन हॉर्सपॉवरचा छोटा कंप्रेसर मिनिटाला दीड-दोनशे लिटरच हवा देतो, म्हणजे तीन गन आणि दोन कपलर मिळून एवढी गळती झाली तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक हवा वाऱ्यावर. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं गळती मोजायची जी सोपी रीत दिली आहे, ती जेवणाच्या सुट्टीत कुणालाही करता येईल. सगळ्या गन जोडलेल्या राहू द्या, काम बंद ठेवा. कंप्रेसर किती वेळ चालतो आणि किती वेळ थांबतो ते घड्याळात बघा. चालण्याच्या वेळेला चालणं अधिक थांबणं यांच्या बेरजेनं भागा, शंभरनं गुणा. एक मिनिट चालला आणि चार मिनिटं थांबला तर गळती वीस टक्के. चांगल्या राखलेल्या व्यवस्थेत ती दहाच्या आत असावी.

पैशापलीकडचीही एक बाब आहे. घोड्याच्या व्हॉल्व्हमधून गळणारी गन कधी कधी नळी जोडल्याबरोबर आपणहून उडते. अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात नेलगननं जखमी होऊन वर्षाला सरासरी ३७,००० जण इस्पितळांच्या आपत्कालीन विभागात पोचत होते, आणि त्यात गळती हे एकच कारण नव्हे. घोडा दाबून धरून नाक टेकवत जायची सवय त्याहून मोठं. आपल्याकडे स्वस्त गनला नाकाची सेफ्टी असलीच तर ती कारागीर पहिल्याच दिवशी काढून टाकतो किंवा तारेनं बांधून टाकतो, वेग वाढतो म्हणून. अशी बांधलेली गन आली तर मामा आधी तार कापतात, मग दुरुस्तीचं बोलतात. यावरून गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, म्हणतात. आणखी एक, घरगुती डोकेबाजांसाठी: कंप्रेसर नाही म्हणून वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरवर गन चालवायची कल्पना कुणाला सुचली तर ती तिथंच सोडावी. तेल लावलेल्या यंत्रात दाबाचा ऑक्सिजन म्हणजे स्फोट.

एम-सील, फेविक्विक, टेफ्लॉन टेप यांची सद्दी अर्थात आहेच. टेफ्लॉन नळीच्या आट्यांना ठीक, तिथं तो लावावाच. पण मी एक एसटी-६४ पाहिली जिच्या टोपीच्या सांध्यावर चहूबाजूंनी एम-सील थापलं होतं. मामांनी ते खरवडून काढायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात तीन गन झाल्या असत्या. आत गॅस्केट अख्खं होतं. चारपैकी एक स्क्रूच नव्हता.

पॅलेटवाल्यानं शेवटी विचारलं ते बॅटरीच्या गनबद्दल. हवाच नको, कंप्रेसर नको, नळी नको. त्या येत आहेत. गॅसच्या डबीवर चालणारी बिननळीची गन अमेरिकेत १९८६पासून आहे आणि आता लिथियम बॅटरीवाल्याही आहेत. इंटिरियरचं काम करणारे काही ठेकेदार त्यांवर गेलेत, कारण बाराव्या मजल्यावर कंप्रेसर चढवायचा म्हणजे लिफ्टवाल्याशी भांडण. पण त्यांतल्या काही गनमध्ये मोटर पिस्टनला मागे ओढते आणि त्याला पुढे हाणते ती कायमची बंद केलेली, दाबाची हवा किंवा नायट्रोजनच. ती गळली तर नुसता खिळा कमी बसायला लागतो. साबणाच्या पाण्यात काही दिसत नाही. अशी एक गन मामांच्या फळीवर पडून होती, कुणीतरी ठेवून गेलेली.

‘ही नाही खोलणार मी,’ मामा म्हणाले. ‘आत भरायला नायट्रोजन नाही आपल्याकडं, आणि बंद डबीत दाब किती हाय ते दिसत न्हाई. सर्व्हिस सेंटरला न्या.’ मग पॅलेटवाल्याच्या हातात कॉइल गन देत म्हणाले, ‘तुमची हीच बरी. पण तो कॉक आज काढून घ्या. जाम असला तर नवीन बसवा, पाव इंची. आणि येताना तुमची तेलाची बाटली आणून दाखवा मला.’